गाईचं देवक

अमेरिकेत ईडन प्रेरीहून तासाभराच्या ड्राइव्हवर एक डेअरी आहे. माझी नात तिथे नोकरी करते. बाटलीने पाजून वाढवलेली तिची एक लाडकी गाय तिथे आहे. तिची दोन वासरं लागोपाठ मेली. मालकाने सांगून टाकलं होतं, यंदा जिवंत वासरू झालं नाही तर गाय कसायाच्या ट्रकमध्ये चढेल.

परवा सकाळी गाय माजावर आल्याचा फोन आला, तेव्हा मीही नातीबरोबर गेले. तिने नायट्रोजनच्या टाकीचं झाकण उघडलं आणि वळूच्या रेताची कांडी उचलणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "थांब. आधी ह्याचं देवक बघ."

ती हसली. फोनवर दोघांची वंशावळ उघडली आणि हसू मावळलं. गाईचा आजा तोच, वळूचा आजा तोच. मेलेल्या वासरांच्या बापांचाही तोच. टाकीतली एकेक कांडी तिने तपासली. वळूंची नावं निरनिराळी, पण आजा नाहीतर पणजा तोच.

एकाच रक्ताची वासरं जगणार कशी? हा उद्योग माझ्या चांगल्या ओळखीचा होता.

तरुणपणी मी तालुक्याला जनावरांची डॉक्टरीण होते. काय तो तोरा! गावरान वळू दिसला की खच्ची करायचा, आणि एकाच परदेशी वळूच्या कांड्या गावोगाव वाटायच्या. पुढे त्याच्या लेकींनाही त्याच्याच. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं होतं, ह्याचा बाप कोण? मी ऐटीत म्हणाले, दुधाकडे बघा, काका. आणि त्याच साली नणंदेचं चांगलं स्थळ मी देवक एक निघालं म्हणून मोडायला लावलं. अशी मी हुशार!

"आजी, आता काय करू?"

शेजारच्या शेतात एक म्हातारा तांबडा वळू होता, जुन्या जातीचा. डेअरीतले सगळे त्याची चेष्टा करत. मी त्याच्याकडे बोट दाखवलं.

"त्याच्या लेकी दूध कमी देतात. आमचा मालक नाही म्हणेल."

"विचार तर."

ती फोन लावत राहिली. मी कुंपणाशी जाऊन उभी राहिले. वळू निवांत रवंथ करत होता. बाबा रे, तेव्हा भेटला असतास तर मी खच्ची करायचा चिमटा घेऊनच आले असते, असं त्याला सांगितलं.

मागे गाय हंबरली. संध्याकाळपर्यंत माज ओसरणार होता. मालक अजून फोन उचलत नव्हता.