बाईंनी फळ्यावर काढलेली पेशी

उत्तर बरोबर आलं की आमच्या बाई मान डोलवायच्या आणि लगेच म्हणायच्या, "बरोबर. आता का ते सांग." पाठ करून आलेल्यांची तिथेच गाळण उडायची.

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. या बाई रोह्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायच्या, मी प्रयोगशाळेत मदतनीस. पेणजवळच्या मिठागर-कामगाराची ही मुलगी. वडील गेलेले, आई आणि मोठ्या भावासोबत राहायच्या, रोज गाडीने यायच्या. वर्गात मात्र त्यांच्या तोंडून गावाकडचा एक शब्द निसटायचा नाही.

पेशीचं आवरण काय आत घेतं, काय नाही, हे दाखवायला त्या बटाट्याच्या फोडी मिठाच्या पाण्यात ठेवायच्या. उरलेल्या फोडी मी एकदा घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी बाईंनी भर वर्गात विचारलं, "भाजी कशी झाली?"

"खारट."

"बरोबर. आता का ते सांगा."

नव्वदच्या दशकात त्यांच्या मानेत गाठ आली. कॅन्सर. मुंबईला औषधं सुरू झाली, केस गेले, पण गाठही विरली. डोक्याला रुमाल बांधून बाई शिकवायला आल्या. सहा महिन्यांत गाठ परत आली. या वेळी औषधांना ती दाद देईना.

मुंबईच्या त्या खेपेला सोबत मीही गेलो होतो. त्यांचा भाऊ डॉक्टरांवर ओरडला, "औषधं खोटी दिलीत तुम्ही!"

डॉक्टर तरुण होते, चिडले नाहीत. म्हणाले, "औषध खरंच आहे. पण या पेशींच्या आवरणात एक पंप असतो. आत शिरलेलं औषध तो बाहेर फेकतो. तो बनवणारा जीन आपल्या सगळ्यांत असतो, शरीराला विषापासून वाचवायला. कॅन्सरच्या पेशींनी तोच पंप वाढवलाय."

"म्हणजे माझ्यातलंच आहे हे," बाई म्हणाल्या. मग भावाला, "दादा, माफी माग त्यांची."

दादा भिंतीकडे तोंड करून रडला.

पुढच्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर मोठी पेशी काढली, आवरणात पंप काढले. अभ्यासक्रमात हे नव्हतंच. एका मुलीने विचारलं, "मग औषध आत टिकवायचं कसं?"

बाई खडू धरून उभ्या राहिल्या. "ते अजून कोणाला नाय माहीत," म्हणाल्या आणि स्टुलावर बसल्या. तो त्यांचा शेवटचा तास.

मी पेणला भेटायला गेलो तेव्हा त्या अंथरुणातून उठत नव्हत्या. आई चुलीपाशी होती. बाई हळूच म्हणाल्या, "आईला जीनचं सांगू नका. तिला वाटेल, तिनेच दिलं."

त्या गेल्यावर दहाव्याला आईने मला बाजूला घेतलं.

"तू व्हतास ना तिच्यासंगती? डाक्टर काय बोलला रे?"

"औषध पोचलं नाही, आई."

तिने मान डोलवली. "मुंबईला औषध यायला उशीर झाला आसंल."

"व्हय," मी म्हणालो.