बुंदीची नखं

आमच्या बुंदी मांजरीने नव्या सोफ्याचा कोपरा पुन्हा ओरबाडला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "हिला आता कुणाला तरी देऊन टाक."

मी काही दिवस तिच्यावर लक्ष ठेवलं. बुंदी झोपेतून उठायची, अंग ताणायची आणि समोरच्या कापडात नखं रुतवायची. त्यात ना राग होता, ना खोडी. मग एका फळीला काथ्याची दोरी गुंडाळून मी ती त्याच कोपऱ्याला उभी बांधली. आधी तिने ती नुसतीच हुंगली. एका दुपारी मात्र करकर आवाज आला.

गुडघ्यांमुळे कित्येक महिने जिना न उतरलेल्या सासूबाई बघत राहिल्या.

"दिवसभर घरात कोंडून राहून मलाही काहीतरी ओरबाडावंसं वाटतं गं," त्या म्हणाल्या. "संध्याकाळी मला खाली घेऊन चल. सावकाश उतरू."