आई उतरल्या की गाडी बंद

हे लिहिताना मला थोडी लाज वाटते आहे. इथे ग्रुपवर कोणी आपला विचित्र अनुभव टाकला की खाली "आधी वायरिंग तपासा", "झोप नीट घेत जा" असं लिहिणारा आगाऊ माणूस मीच. पोटासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा करून बघितल्याशिवाय ती घडली असं मी मानत नाही. अडचण अशी की ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा करून बघितली आहे...

मी मूळचा साताऱ्याकडचा, राहतो नेरुळला. सासुरवाडी चालत दहा मिनिटांवर, सारसोळे गावात. सासऱ्यांना सगळे नाना म्हणत. त्यांची एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल होती, निळ्या टाकीची. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, मासळीच्या पाटीसकट मागे बसवून नाना रोज सकाळी बाजारात सोडत. दोन वर्षांपूर्वी नाना गेले. गाडी ओट्याशेजारी ताडपत्रीखाली गेली, आणि आई घरात. बाजार बंद, कोणाकडे जाणंयेणं बंद. दारात बसून ताडपत्रीकडे बघत राहायच्या.

मेव्हणा मंगेश, त्याला त्या जागेवर आपली नवी स्कूटर लावायची होती. गाडीचं रजिस्ट्रेशनही संपत आलेलं. "आरटीओत पासिंग झाली तर राहू दे, नाय तर भंगारात," तो म्हणाला. आई उठून आत गेल्या. त्यांच्या पाठीकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "पंधरा दिवसांत चालू करून देतो."

मोटारसायकलबद्दलचं माझं ज्ञान तेव्हा हवा भरण्यापुरतं होतं.

पहिल्या दिवशी अर्धा तास किका मारल्या. शर्ट पिळायची वेळ आली तेव्हा मंगेश ओट्यावरून म्हणाला, "दाजी, पेट्रोलचा कॉक पन उघडा कधीतरी." कॉक उघडला. गाडी सुरू झाली, गल्लीभर धूर झाला, आणि दोन मिनिटांत बंद. पुन्हा किक, पुन्हा दोन मिनिटं. प्लग बदलला. कार्बोरेटर उघडून साफ केला — जोडून झाल्यावर एक स्क्रू हातात उरला, तो मी गुपचूप खिशात टाकला. मग शोध लागला की टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते बुजलं तर पेट्रोल खाली उतरत नाही. आणि ते मीच, गाडी चकाचक करायच्या नादात, पॉलिश फासून बुजवलं होतं. टाचणीने भोक मोकळं केलं आणि घरभर विजयाची घोषणा केली.

दोन मिनिटांनी बंद.

शेवटी जुईनगरच्या रफिकभाईंकडे नेली. टू-स्ट्रोक गाड्यांमध्ये केस पांढरे केलेला माणूस. चार दिवस ठेवून घेतली, कॉइल बदलली, वायरिंग नवं केलं, आणि माझा उरलेला स्क्रूही न हसता जागेवर बसवला. परत देताना म्हणाले, "साहेब, गाडीत काय नाय. पन चालत पन नाय."

त्या रविवारी मी दारासमोर पुन्हा किका मारत होतो. आई बराच वेळ बघत होत्या. मग पदर खोचून उठल्या. "सकालपासून घाम गालतंय पोर. चला, मी बसते."

"आई, कोपऱ्यापर्यंतसुद्धा जायची नाही."

"नाय गेली तर चालत येव."

आई एका बाजूला पाय सोडून बसल्या, एक हात माझ्या खांद्यावर. निघालो. गप्पा मारत मारत थेट जेट्टीपर्यंत पोहोचलो, आणि तिथे खाडीकडे बघताना माझ्या लक्षात आलं की इंजिन अजून चालू आहे.

आई उतरून पाण्याजवळ गेल्या. गाडी तशीच धडधडत उभी. मी घड्याळ लावलं. दोन मिनिटं... बंद.

मग माझ्यातला टेस्टर जागा झाला. मागे मंगेशला बसवलं: बंद. बायकोला, सुजाताला बसवलं: बंद. ("म्हणजे मी आईसारखी नाही तर," ही कॉमेंट मला आठवडाभर पुरली.) आईंच्या वजनाइतकं रेतीचं पोतं बांधलं: बंद. आईंची पाटी बांधली: बंद. आईंना बसवलं आणि पाम बीच रोडवर लांब चक्कर मारून आलो: काही नाही, मस्त चालली. आई गुपचूप कॉक फिरवतात का, म्हणून मंगेशला स्कूटरवरून शेजारी ठेवलं. एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा मांडीवर, असा रिपोर्ट आला.

रफिकभाईंचा यावर विश्वास बसेना. त्यांनी स्वतः आईंना मागे बसवून चक्कर मारली. मग एकट्याने मारली आणि गाडी ढकलत परत आले. सीटखालची प्रत्येक वायर पुन्हा दाबून पाहिली. त्यानंतर तिघांसाठी चहा मागवला.

पासिंगच्या दिवशी आईंना घेऊनच गेलो. अंबाड्यावर हेल्मेट बसेना, म्हणून केस सोडून वेणी घातलेली. तपासणाऱ्या साहेबांनी मला एकट्याला चक्कर मारायला सांगितलं. अर्थात, दुसऱ्या चकरेत बंद. साहेबांनी मान हलवली. मला भंगाराचा टेम्पो दिसायला लागला.

आई पुढे झाल्या. "साहेब, ही गारी एकटी नाय जात. मी बसते, मंग बघा."

"आजी, टेस्ट गाडीची आहे, तुमची नाही."

"पापलेट घेताना कल्ला उघडून बघता ना? मंग ही पन नीट बघा."

साहेब हसले. त्यांनी हाताने खूण केली. आईंना घेऊन तीन चकरा मारल्या, चौथी मी हौसेने मारली. कागदावर शिक्का बसला. निघताना साहेबांनी हळूच विचारलं, "नक्की प्रॉब्लेम काय आहे?" म्हटलं, "तुम्हाला कळलं तर मलाही सांगा."

मंगेशने शब्द पाळला, गाडी जागेवरच राहिली. आणि आठ दिवसांनी आईंनी स्वतःच माळ्यावरून पाटी उतरवून घासायला घेतली.

आता आठवड्यातून तीन सकाळी मी त्यांना बाजारात सोडतो. सोडतो म्हणजे... परत कसा येणार? सुरुवातीला दोन-दोन मिनिटांच्या हप्त्यांत घरी आलो, गावभर हसं झालं. त्यापेक्षा आता बाजारातच, आईंच्या मागे स्टुलावर लॅपटॉप उघडून बसतो. ऑफिसच्या मीटिंगमध्ये सुरमईचे भाव ऐकू येतात. मॅनेजरने एकदा विचारलं, तू नक्की कुठे आहेस? खरं सांगितलं. तेव्हापासून माझं ऐकून न घेताच तो दोन किलो कोळंबी सांगतो.

मागच्या रविवारी रफिकभाईंचा फोन आला. त्यांच्या ओळखीचा एक जुना मेकॅनिक तळोज्याला आहे, इंजिन पूर्ण खोलून बघायला तयार आहे. "हा माणूस शोधून काढंलच," म्हणाले. मी लगेच पान्यांची पिशवी घेऊन गाडीपाशी बसलो, सीट काढायला. इतके दिवस डोक्यात भुंगा होता, एकदाचं कळलं असतं.

आई पाटीला फडकं मारत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आनि बरी झाली, तर मना कोन नेल?"

मी नेईन, असं म्हणायला तोंड उघडलं. नाना गेल्यापासूनची दोन वर्षं मी दहा मिनिटांवर राहत होतो. कार होती. एकदाही विचारलं नव्हतं.

रफिकभाईंना सांगितलं, राहू दे. इंजिन अजून कोणी खोललेलं नाही. गाडी का थांबते, मला माहीत नाही.