बानाबाईचं देखणं चित्र

मल्हारराव मास्तरांना रेषेचा भारी शौक. माणूस पाचोडच्या मेंढपाळाच्या घरचा. पण पोलीस ॲक्शन होऊन संस्थान गेलं, मराठी शाळा निघाल्या, ड्रॉइंगला मास्तर मिळेनात, तेव्हा चित्रकलेची परीक्षा पास झालेले हे गृहस्थ शहरात औरंगपुऱ्यातल्या एका शाळेत चिकटले ते कायमचे. कुठल्याशा रद्दीवाल्याकडं त्यांना फ्रान्सच्या चित्रकारांचं एक जाडजूड पुस्तक गवसलं, आणि तेव्हापासून मास्तर दुसरं काही बोलेनात.

त्या पुस्तकात दोन घराणी होती. पहिलं नवअभिजातवाल्यांचं, म्हणजे दाविद आणि अँग्र यांचं. रेषा स्वच्छ, उजेड शांत, कातडीवर सुरकुती म्हणून नाही, माणसं जणू संगमरवरातून कोरलेली. दुसरं रोमँटिकांचं, जेरिको आणि देलाक्रवा यांचं. तिथं वादळ, उधळलेले घोडे, अन् रेषेला न जुमानणारा रंग. मास्तर पहिल्या घराण्याचे कट्टर. दुसऱ्याची पानं भराभर उलटायचे आणि पोरांना सांगायचे, "हा सगळा धुरळा आहे. धुरळा आम्ही घरी लई खाल्ला." वर्ग हसायचा. मास्तरांना मात्र मेंढरांमागचा तो धुरळा खरंच अंगावरून झटकून टाकायचा होता.

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी चित्र काढायला आईला शहरात आणून खुर्चीत बसवलं. बानाबाई जन्मभर मेंढरांमागं चाललेली बाई, ती एका जागी काय बसते! मध्येच उठून खिडकीत जायची, बोलायला लागली की सगळं तोंड हलायचं. मास्तर बेजार.

"माय, हलू नको ना गं."

"अरं, हालते म्हणून तर जित्ती हाय."

शेवटी मास्तरांनी तिच्याकडं बघणंच सोडलं. नजर पुस्तकातल्या अँग्रच्या बायांवर, हात कापडावर. कपाळावरचं, हनुवटीवरचं गोंदण गेलं. उन्हानं रापलेला रंग गेला. मेंढ्यानं धडक देऊन वाकडं केलेलं नाक सरळ झालं, वर शेजारच्या वच्छलाबाईंची नथ बघून ती त्यात घातली. आता म्हाताऱ्या आईला जरा नटवलं तर कुणाचं काय गेलं? मास्तरांनाही तसंच वाटलं. बानाबाईनं चित्र बराच वेळ न्याहाळलं आणि म्हणाली, "लई देखणी हाय. कोणाची रं ही?" म्हातारी चेष्टा करते म्हणून मास्तर मनापासून हसले. चित्राला प्रदर्शनात बक्षीसही मिळालं.

पुढच्याच वर्षी बानाबाई गेली. तिचा एकही फोटो नव्हता. घरात चित्र आहेच, म्हणून मास्तरांनी तिला कधी स्टुडिओत नेलंच नाही. तेराव्याला त्यांनी ते चित्र काचेत बसवून पाचोडला नेलं. बायका हार घेऊन पुढं आल्या आणि थबकल्या. मास्तरांची बहीण राजाबाई हलकेच म्हणाली, "दादा, ही नको. मायचा फोटू आण की." मास्तरांची मान खाली गेली.

ते परत आले ते नवं कापड ताणूनच बसले. एकदा तरी माय खरीखुरी घराच्या भिंतीवर आणायची, एवढाच ध्यास. आता त्यांना दुसरं घराणं कळायला लागलं. देलाक्रवाचं पान उघडून समोर ठेवलं. वारा आला, धुरळा आला, पदर फडफडला, मेंढरं आली. सगळं झकास जमलं, तोंडाची जागा तेवढी कोरी. डोळे मिटले की तीच सरळ नाकाची, गुळगुळीत बाई समोर उभी राहायची. आपण मायला आपल्याच हातानं पुसलं, हे मास्तरांना कळून चुकलं आणि ते एकटेच बसून रडले.

राजाबाई भेटायला आली तेव्हा त्यांनी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. पदर खोचून खुर्चीत बसली.

"समदे म्हणतेत, मी मायवानीच दिसते. गोंदण तसलंच, तोंड बी तसंच रापल्यालं. मला बघून काढ."

मास्तरांच्या जिवात जीव आला. तिच्याकडं एकटक बघत त्यांनी कपाळापासून सुरुवात केली, आणि पुष्कळ वेळ काढत राहिले. मग मागं सरून पाहिलं. कपाळावर गोंदण नव्हतं, गालावर एक रेघ नव्हती. समोर एवढं दिसत असून हातानं सवयीनं सगळं पुसून टाकलं होतं.

"झालं का रं, दादा?" राजाबाईनं विचारलं.

"नाय गं," मास्तर म्हणाले, "मला येत नाय." आणि त्यांनी कुंचला खाली ठेवला.