एकाच वजनाच्या मोळ्या

फळ्यावर पहिला आकडा लिहिण्याआधी मंजुषाबाई रोज उजव्या कोपऱ्यात त्याचं एकक लिहीत. किलो, टन, लिटर, जे असेल ते. घरीही तीच तऱ्हा. लहानपणी भैरवीने "आई, दोन दे" म्हटलं की विचारत, "दोन काय? लाडू का धपाटे?"

आर्णीजवळच्या गावात भूगोल शिकवण्याचं त्यांचं हे शेवटचं वर्ष. त्यांच्या शाळेचा एकही प्रयोग कधी तालुक्यापुढे गेला नव्हता. यंदा तरी आपली मुलं यवतमाळच्या जिल्हा प्रदर्शनात उभी राहावीत, एवढी एकच आस होती. भैरवी रजा काढून आली ती त्यासाठीच.

विषय होता, पोलादासाठी कोणता देश किती कोकिंग कोळसा जाळतो.

"बाई, आपला वणीचा कोळसा काहून नाही?" वर्गात एकीने विचारलं होतं.

"तो विजेच्या कामाचा. पोलादाच्या भट्टीले दुसरा लागते."

नुसत्या तक्त्याने कोणाला काय कळणार, म्हणून बाईंनी पऱ्हाटी मागवली. कापूस निघाल्यावर उरलेली ही झाडं गावात घरोघरी चुलीत जातात. ठरावीक कोळशाला एक मोळी. तालुक्याच्या प्रदर्शनाच्या मैदानात चीनचा ढीग मांडवाला टेकला. शेजारी भारत, मग जपान.

भैरवी जरा मागे सरून पाहू लागली आणि थबकली. जपानच्या मोळ्या कमी, तरी ढीग भारताहून उंच.

भारताच्या मोळ्या गावातल्या सुखीबाईने बांधल्या होत्या. ती शेतातून डोक्यावर आणते, म्हणून करकचून बांधते. जपानच्या बसंतीबाईकडच्या, ट्रॅक्टरमधून आलेल्या, सैल.

"माह्या मोळीत हवा नसते बाप्पा," मदतीला आलेली सुखीबाई म्हणाली. "हवेचं बसंतीले विचारा."

"आई, वरच्या दोन काढून टाकू," भैरवी कुजबुजली. "परीक्षक येऊन राह्यले."

"मंग जपान दोन मोळ्यांनी खोटा होते. सोडा सगळ्या. काटा आणा."

परीक्षक आले तेव्हा चीन जमिनीवर पसरला होता आणि सुखीबाई एकेक मोळी तोलून बांधत होती.

"हे काय चाललंय, बाई?"

"माप चुकलं होतं सर. दुरुस्त करून राह्यलो."

"बरं, आज पूर्ण झालेलेच प्रयोग पाहतोय," असं म्हणून ते पुढे गेले.

दुपारी यवतमाळला जाणाऱ्या शाळांची नावं वाचली गेली. त्यांच्या शाळेचं नव्हतं. मंजुषाबाईंनी चष्मा काढून पदराने बराच वेळ पुसला.

तोवर ढीग उभे राहिले होते. चीन सगळ्यांवर, त्याच्या कितीतरी खाली भारत, त्याहून ठेंगणा जपान. शेजारच्या शाळेची मुलं घोळक्याने येत होती आणि बाईंच्या मुली त्यांना आधी मोळीचं वजन सांगत होत्या, मग देश. "ही माझी आई," भैरवीने कोणी न विचारताच बाजूच्या शिक्षिकेला सांगितलं.

मांडव रिकामा होत आला. मंजुषाबाईंनी पदर खोचला.

"चाल भैरवी, काड्या पडल्या तेवढ्या झाडून घेऊ. मंग बस पाहू."