विद्यापीठाचे लग्न लावणारी धुरपदा

चि. रेवा आणि चि. ईशान,

परवा रेवाने दुबईहून फोनवर विचारले की, आयर्लंडच्या मेडिकल कॉलेजच्या अर्जात जन्मगाव काय लिहू? औरंगाबाद की छत्रपती संभाजीनगर? दाखल्यावर एक नाव आहे आणि अर्जाच्या यादीत दुसरे. ईशानने मागून सल्ला दिला की, नुसते 'भारत' लिही, पुढचे ते शोधून घेतील. मला हसू आले. आपल्या उस्मानपुऱ्यातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, याच विषयावर याहून मोठा घोळ होऊन गेला आहे. तो घालणारी धुरपदा मागच्या वर्षी गेली. ती असती तर तिच्यावर काही लिहू दिले नसते, किंवा शेजारी बसून माझे मराठी तपासले असते. तेव्हा आता लिहिते.

आमच्या पहिल्या भेटीत तिने मला नमस्कार केला नाही. सरळ जवळ आली, अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आत पाहिले आणि म्हणाली, "बाई, रक्त कमी हाय तुमच्यात." तिचे वडील, तात्या, दारात उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. मेंढरांचे दुखणे असेच पापणी ओढून बघतात, पोरीला लहानपणापासून सवय आहे, बाईसाहेबांनी राग मानू नये, असे ते सांगू लागले. तोवर तिने तुमच्या आजोबांकडे मोर्चा वळवला होता. साहेबांच्या पोटात जंत आहेत, असे तिचे निदान पडले. आजोबा तेव्हा वाळूजच्या एका कारखान्यात मोठे इंजिनिअर होते आणि त्यांच्या पोटाबद्दल बोलायची कोणाची छाती नव्हती. पुढचे दोन-तीन दिवस त्यांनी गोड खाल्ले नाही. मी पुढे रक्त तपासून घेतले. अगदी उत्तम निघाले. तिला कागद दाखवला तर म्हणाली, "मशीन बिघडली असंल."

तात्या त्याच कारखान्याच्या फाटकावर रखवालदार होते. मूळचे कन्नडकडचे धनगर. मेंढ्या घेऊन घाटाच्या वर-खाली फिरण्यात त्यांचे अर्धे आयुष्य गेले. मग चराईची राने कमी झाली, वाळूजला कारखाने आले, आणि ते पडेगावात येऊन राहिले. उरलेली थोडी मेंढरे तिथेही अंगणात होतीच. धुरपदा बी.एस्सी. झाली होती. इथल्या मेडिकलची जागा तिला थोडक्यात हुकली, आणि देणगी देऊन शिकणे त्यांच्या घरात बसणारे नव्हते. रशियात त्या मानाने स्वस्तात डॉक्टर होता येते असे तिला कोणीतरी सांगितले. कारखान्यात लागलेला भाऊ खर्च उचलायला तयार झाला. फक्त मुंबईला मुलाखत इंग्रजीत होती, आणि मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. म्हणून तात्या तिला माझ्याकडे घेऊन आले.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. धुरपदाच्या मामाला त्यांनी शब्द दिला होता. अक्षय्य तृतीयेपर्यंत रशियाचा होकार आला तर ती रशियाला जाणार, नाही आला तर मामाच्या मुलाशी, दादारावाशी लग्न. मी तिला विचारले, दादाराव कसा आहे? "चांगला हाय की," ती म्हणाली. "मेंढरंबी चांगली असत्यात."

ती पडेगावहून सायकलवर यायची आणि आल्या आल्या माझ्याशी वाद घालायची. मी लेबले लावलेले डबे तिला सहन होत नसत. साखरेच्या डब्यावर साखर लिहायला बाई काय आंधळ्या आहेत का, असे ती कामवालीला माझ्यादेखत विचारी. इंग्रजीवरही तिचा राग होता. ठणका, कळ, उसण, चमक, या सगळ्याला इंग्रजीत 'पेन' म्हणायचे हे ऐकून ती थक्क झाली. "मग डॉक्टरला कळतं कसं, बाई? का समदे एकच गोळी देत्यात?" मी तिला इंग्रजीतले बारकावे समजावले. ती ऐकून घेई आणि प्रत्येक शब्दाची नक्कल करून दाखवी. माझ्या दिवाणखान्यात तिने उसण भरलेला माणूस इतका हुबेहूब केला होता की, शेजारच्या वहिनी धावत आल्या.

डॉक्टर का व्हायचे आहे, या प्रश्नाचे मी तिला छान उत्तर तयार करून दिले होते. त्यात गरिबांची सेवा होती, ग्रामीण भाग होता. ते म्हणायला तिने साफ नकार दिला. "सेवा माझी आयबी करती. तिला कोण डॉक्टर म्हणतं?" मग तुझे उत्तर काय, असे विचारल्यावर म्हणाली, "मला दुसऱ्याच्या आत बघाया लई आवडतं." रेवा, तुझ्या अर्जातला निबंध मी वाचला. त्यात 'सेवा' हा शब्द फार वेळा आला आहे, एवढेच म्हणते.

पासपोर्ट काढून देणाऱ्या माणसाने तिला नाव बदलायला सांगितले होते. धुरपदा म्हणजे द्रौपदी, हे त्याला ठाऊक होते, पण परदेशी माणसाच्या तोंडात ते बसणार नाही, त्यापेक्षा 'दीपा' करा म्हणाला. तिकडे मामाच्या घरीही नाव ठरले होते. लग्नानंतर ती सुवर्णा होणार होती. दोघांनाही तिचे उत्तर एकच होते, "जीभ त्यांची हाय, त्यांनी बघावं."

आता त्या दिवसांतले शहर तुम्हाला सांगायला हवे. इथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव द्यावे, ही मागणी तेव्हा कित्येक वर्षे जुनी झाली होती. विधिमंडळात ठराव होऊनही नाव दिले गेले नव्हते. त्यावरून मोर्चे निघाले, खेड्यापाड्यांत दलितांची घरे जाळली गेली, माणसे मेली. शहरात कोणत्या नावाने विद्यापीठाचा उल्लेख करतो, त्यावरून माणूस कोणत्या बाजूचा हे कळे. माझ्यासारखे व्यवस्थित लोक नुसतेच 'विद्यापीठ' म्हणत.

दिवाळीच्या सुमारास आम्ही रशियाचा अर्ज भरायला बसलो. विद्यापीठाचे नाव या रकान्यात धुरपदाने ठळक अक्षरांत मागणीतले नाव लिहिले. मी म्हटले, तुझ्या तात्पुरत्या प्रमाणपत्रावर जुने नाव आहे, अर्ज आणि कागद जुळले पाहिजेत. ती म्हणाली, जुळतील, कागद येईल मागून. मी पुन्हा समजावले की, यावर तुझे रशियाला जाणे अवलंबून आहे, दादाराव वाट बघतो आहे. तिने पेन खाली ठेवले.

"बाई, गावात समाबाई म्हणून सुईण व्हती, बौद्धवाड्यातली. माझी नाळ तिनं कापली. मी लहान व्हते तवा तिचं घर जळताना आमच्या मेंढवाड्यावरून बघितलं. ह्याच नावापायी. आता मी डॉक्टर व्हायच्या कागदावर दुसरं नाव कसं लिहू?"

मी तो रकाना तसाच ठेवून पुढचा भरायला घेतला. आजोबांना मात्र राहवले नाही. विद्यापीठाचे नाव बदललेले चालते, मग तुझे का नको, असे त्यांनी तिला चिडवले. ती लगेच म्हणाली, "तिथं लोकांनी मागितलं, साहेब. इथं मला कुणी इचारलंय का?" आजोबांनी वर्तमानपत्र उघडले.

त्या संक्रांतीला सरकारने निर्णय जाहीर केला. पण सरकारच ते. जुने नाव काढले नाही, त्यातला 'मराठवाडा' ठेवला आणि त्याच्या आधी बाबासाहेबांचे नाव जोडले. धुरपदा पेढे घेऊन आली, पेढा माझ्या तोंडात घातला आणि मग तिच्या ध्यानात आले. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर जुने नाव, अर्जात मागितलेले नाव, आणि लवकरच हाती येणाऱ्या पदवीवर मिळालेले नाव. तीन कागद, तीन विद्यापीठे. मुलाखतीच्या बोलावण्यात स्पष्ट लिहिले होते की, नावांतल्या फरकाचा खुलासा सोबत आणावा, नाहीतर अर्ज रद्द. मुलाखत अक्षय्य तृतीयेच्या थोडीच आधी होती. मामाने मांडववाल्याला सांगूनही ठेवले होते.

मुंबईला निघायच्या दिवशी पदवी हाती आली, तसे आम्ही कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे गेलो. विद्यापीठाच्या नावाचे प्रतिज्ञापत्र त्याने कधी केले नव्हते. त्याच्याकडे नाव बदलण्याचा एकच मसुदा होता, लग्न झालेल्या मुलींसाठीचा. त्याच धर्तीवर करून देतो म्हणाला. टायपिस्टने भराभर टाईप केले, शिक्का बसला, सही झाली, आम्ही घरी आलो. इंग्रजी भाषांतर मी करायचे होते. बसले आणि पहिल्याच ओळीला थांबले. हाताच्या सवयीने टायपिस्टने लिहिले होते की, सदर विद्यापीठ विवाहापूर्वी अमुक नावाने ओळखले जात होते, विवाहानंतर तमुक नावाने ओळखले जाते, आणि सर्व नावांची व्यक्ती एकच आहे.

कोर्ट बंद झाले होते आणि रात्रीच्या बसची तिकिटे काढलेली होती. तात्या म्हणाले, बाईसाहेब, इंग्रजीत तेवढे लग्न गाळून टाका. पण खाली 'हुबेहूब भाषांतर' असे लिहून मला सही करायची होती. मला खोटी सही करता येत नाही, हा माझा दोष म्हणा. मी लग्नासकट भाषांतर केले. धुरपदा इतकी हसली की, तिला उसण भरली. या वेळची खरी होती.

मुंबईला मुलाखतीच्या खोलीचे दार अर्धे उघडे होते आणि मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत एक जाडजूड रशियन डॉक्टरीण होती. तिने कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारले, "तुमच्या विद्यापीठाने लग्न कोणाशी केले?"

मी डोळे मिटून घेतले. धुरपदाचे इंग्रजी मोडके होते, पण शब्द शोधायला ती थांबली नाही. आमच्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलतात, ती म्हणाली. हिने माहेरचेही ठेवले. मुलगी तीच आहे, मॅडम.

"आणि अर्जातले हे तिसरे नाव?"

"घरची माणसे तिला याच नावाने हाक मारत होती. कागद उशिरा आला."

आत कागद पुन्हा चाळले जाऊ लागले. मला वाटले, झाले, सुवर्णा दादाराव. मग पर्स उघडल्याचा आवाज आला. त्या बाईने स्वतःचा पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला. यावर ज्या देशाचे नाव छापले आहे, तो देश आता नाही, ती म्हणाली. माझ्या शहराचेही नाव बदलले आहे. माझी आई नवे नाव घेत नाही आणि माझा मुलगा जुने घेऊ देत नाही. त्यांच्यासाठी असा कागद कुठे करून मिळतो?

नंतर तिने धुरपदाला तिचे नाव विचारले आणि ते चुकीचे म्हटले. जिच्या हातात हिचे सारे आयुष्य होते, तिला धुरपदाने 'नो, मॅडम' म्हणून दुरुस्त केले. ती पुन्हा चुकली, हिने पुन्हा दुरुस्त केले. 'धुरपदा' नीट आल्याशिवाय ही उठलीच नाही.

होकार अक्षय्य तृतीयेच्या आदल्या आठवड्यात आला. तात्या कन्नडला जाऊन मेव्हण्याच्या शिव्या खाऊन आले. मांडव वाया गेला नाही, दादारावाचे त्याच मुहूर्तावर दुसरीकडे लग्न झाले. त्याची बायको सुवर्णा झाली. पुढे धुरपदाने तिची शेवटची दोन बाळंतपणे केली आणि दोन्ही वेळा कागदावर तिचे माहेरचे नाव, मंदा, लिहिले.

रशियातून ती शिकून आली ती थोडी जाड होऊन, आणि आल्या आल्या आजोबांची पापणी ओढून. शहरात मोठ्या दवाखान्यांतून बोलावणे होते. ती कन्नडला गेली आणि तिथेच राहिली. लग्न केले नाही. कोणी विचारले तर म्हणायची, कागद तयार झाला नाही. आजारपण तिने स्वतःचे स्वतः ओळखले, आणि या खेपेला मशीनही तिच्यासारखेच बोलले. मी भेटायला गेले तेव्हा पलंगावरून म्हणाली, "बाई, ह्याला मातर नुसतं पेनच म्हणा. सोपं पडतं."

कन्नडचा तिचा दवाखाना चालू आहे. तिथे आता एक तरुण डॉक्टर मुलगी बसते. बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत नंबर लागत नाही. पेशंट तिलाही धुरपदाबाईच म्हणतात. सुरुवातीला ती सगळ्यांना आपले नाव सांगत असे. आता हाकेला ओ देते.