वुर्यानीनं वाचवलेला एक सेकंद

ग्रेसिक बंदरातनं बावेआन बेटाला जाणाऱ्या बोटीच्या तिकीट कचेरीत वुर्यानी एकोणीस वर्षं काम करते. तिकिटांचा सगळा प्रोग्राम तिच्या हाताखालचा. सगळे तिला बू, म्हणजे बाई, म्हणत. बाई मोठी धास्तीची. चालतंय त्याला हात लावायचा नाही, हा तिचा नेम. आणि पश्चिमेचं वारं सुटलं, की दर्या निवेपर्यंत तर ती कुणालाच हात लावू द्यायची नाही.

यंदा मात्र तिच्याच हाताला खाज सुटली.

खिडकीवर तामरीन बसायचा. यंत्र अडकलं की गडी दोनदा बटण दाबायचा आणि एका माणसाची दोन तिकिटं निघायची. म्हणून बोट सुटायच्या आधी यादी छापताना प्रोग्राम प्रत्येक माणूस बाकीच्या सगळ्यांशी ताडून बघायचा. नाव, जन्मतारीख, गाव, सोबतीचं माणूस, असे सात रकाने. सगळे जुळले की एक खोडायचा. वुर्यानीला वाटलं, नाव आणि तारीख जुळली की माणूस तोच; बाकीचे पाच कशाला चिवडायचे? तिनं ते काढले. यादीमागं एक सेकंद वाचला. दिवसाला बोट एक, म्हणजे वर्षाची सहा मिनिटं. एवढ्यासाठी जुनं मोडायचं का, असं तिच्या मनात आलंही. पण खाज ती खाज. चाळीस खोटी नावं घालून तिनं तपासलं आणि सोमवारी नवं चालू केलं. चार दिवस सुरळीत गेले.

शुक्रवारी पावणेनऊला तामरीन कानात बोट घालत आत आला.

"बू, दोन बाळंतिणी आल्यात. एकाच दवाखान्यातनं. पोरं अशी वरडत्यात, आज बोटीला भोंगा नको."

वुर्यानी हसली, आणि हसता हसता थबकली. "पोरांची नावं काय लिवलीस?"

"नावं कुठली? घरी नेऊन बारसं केल्याबिगर बावेआनच्या पोराला नाव असतंय व्हय? लिवलं नेहमीसारखं, नुसतं बाळ म्हणून. बायी आणि बायी."

"जल्मली कवा?"

"दोगंबी मंगळवारची."

तिनं यादी ओढली. बायी एकच. तिकिटं दोनशे बारा, यादीत माणसं दोनशे अकरा.

"पेनानं लिवा की खाली," तामरीन म्हणाला. "आईच्या मांडीवरचं मूल, त्याला जागा किती लागतीया!"

"आरं, यादीवर सह्या झाल्या. एक नक्कल बोटीवर गेली. वाटंत काय इपरीत झालं तर यादीतलीच माणसं हुडकत्यात. हे पोर कुणीबी हुडकायचं न्हाई."

ती पळतच बंदर अधिकाऱ्याकडं गेली. पाक दर्सोनो, म्हणजे दर्सोनोसाहेब, नाष्ट्याला बसले होते.

"बोट थांबवा, पाक. माझ्या हातनं चूक झालीया."

"तुमच्या हातनं? बू, तुमी तर आमाला पंख्याची कळ दाबू देत न्हाई." मग तिचा चेहरा बघून त्यांनी घास खाली ठेवला. "काय केलंत?"

तिनं सांगितलं.

"आणि वाचलं किती?"

"एक सेकंद."

दर्सोनोंनी वायरलेस उचलला आणि बोटीचे दोर सोडू नका म्हणून सांगितलं.

वुर्यानीनं सातही रकाने परत घातले, ओळ न् ओळ जुन्याशी लावून बघितली. दोनदा अक्षर चुकलं. नवी यादी निघाली. दोनशे बारा. खाली वर दोन बायी, पुढं आयांची नावं. बोट चाळीस मिनिटं उशिरा सुटली, आणि बाहेर पडल्या पडल्या लाटेवर चढली.

"घ्या, गेली," तामरीननं चहा पुढं सरकवला. "आता तरी बसा."

"आदल्या चार बोटी?"

"त्या पोचल्या की सुखरूप!"

"पोचल्या. पण त्यात कोण गाळलं, ते कुठं ठावं हाय मला?"

तिनं कचेरीत राहिलेली तिकिटांची अर्धुकं काढली. सोमवारचा मेळ बसला. मंगळवारी तिकिटं एकशे सत्त्याऐंशी, यादीत एकशे शहाऐंशी.

"तामरीन, मंगळवारी यंत्र अडकलं व्हतं का? दोनदा दाबलंस?"

तामरीननं डोकं खाजवलं. "आटवत न्हाई, बू."

चहावर साय धरली. वुर्यानीनं गठ्ठा सोडला आणि पहिल्या नावावर बोट ठेवलं.